युद्धकैदी: पकडले जाण्यापासून सुटकेपर्यंत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक शब्द स्पष्ट करा: युद्धबंदी की युद्धकैदी?

मराठीत 'युद्धबंदी' म्हणजे लढाई थांबणे. हिंदीत त्याच शब्दाचा अर्थ 'युद्धात पकडलेला माणूस' असा होतो. हिंदीवरून घाईत केलेल्या बातम्यांत हा घोळ नेहमी दिसतो, आणि 'युद्धबंदी सुटली' अशी वाक्ये जन्माला येतात. या पानावर पकडलेल्या सैनिकाला युद्धकैदी आणि लढाई थांबवण्याच्या कराराला शस्त्रसंधी म्हटले आहे.

युद्धकैदी नेमके कोणाला म्हणायचे?

१२ ऑगस्ट १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचे कलम ४ याचे उत्तर देते. शत्रूच्या हाती लागलेला नियमित सैन्यातला माणूस हा पहिला आणि सर्वांत मोठा गट. त्याखेरीज एखाद्या पक्षाच्या बाजूने लढणारी स्वयंसेवक पथके आणि प्रतिकार दलेही यात येतात, पण चार अटींवर: जबाबदार प्रमुख हवा, लांबून ओळखू येईल अशी ठरलेली खूण हवी, शस्त्रे उघडपणे बाळगलेली हवीत आणि युद्धाचे नियम पाळलेले हवेत.

लोकांना आश्चर्य वाटते ते पुढच्या यादीचे. सैन्यासोबत अधिकृत परवानगीने फिरणारे युद्धवार्ताहर, रसद पुरवणारे कंत्राटदार, लष्करी विमानांवरचे नागरी कर्मचारी आणि व्यापारी जहाजांवरचे खलाशी पकडले गेले तर तेही युद्धकैदीच. म्हणून अशा लोकांकडे सैन्याने दिलेले ओळखपत्र असणे फार महत्त्वाचे. ते हरवले तरी हक्क जात नाही, पण सिद्ध करायला वेळ लागतो.

सैन्यातले डॉक्टर, परिचारक आणि धर्मगुरू यांचे स्थान वेगळे आहे. ते युद्धकैदी नसतात. आपल्याच बाजूच्या कैद्यांची सेवा करण्यापुरते त्यांना ठेवून घेता येते आणि गरज संपली की परत पाठवावे लागते. तोवर युद्धकैद्याला मिळणारे किमान संरक्षण त्यांनाही मिळते.

युद्धकैदी हा गुन्हेगार असतो का?

नाही, आणि पुढची सगळी उत्तरे यावरच उभी आहेत. शत्रूविरुद्ध बंदूक चालवणे हे सैनिकाचे कायदेशीर काम आहे. त्याला ताब्यात ठेवायचे ते पुन्हा रणांगणावर येऊ नये एवढ्यासाठी. शिक्षा हा त्यामागचा हेतूच नाही. म्हणूनच त्याला तुरुंगात ठेवायचे नसते, 'शिक्षा संपली' म्हणून सोडायचे नसते, आणि लढाई थांबली की ठेवून घेण्याचे कारणच उरत नाही. युद्धगुन्ह्याचा आरोप असेल तर मात्र खटला चालवता येतो.

पकडलेला माणूस सैनिक आहे की नाही याबद्दल शंका असेल तर?

कलम ५ प्रमाणे सक्षम न्यायाधिकरणाने निर्णय देईपर्यंत त्याला युद्धकैदी म्हणूनच वागवायचे. हा निर्णय पकडणाऱ्या तुकडीच्या प्रमुखाने जागच्या जागी घ्यायचा नसतो. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेने अशी हजाराहून अधिक न्यायाधिकरणे भरवली. पुष्कळ लोक साधे नागरिक निघाले आणि सुटले. २००२ मध्ये क्युबातल्या ग्वांतानामो या अमेरिकी तळावर नेलेल्यांच्या बाबतीत ही पायरीच गाळली गेली. पुढे २९ जून २००६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्याच एका कैद्याच्या, हमदानच्या, खटल्यात, चारही करारांना समान असलेले कलम ३ निदान लागू होतेच, असा निकाल दिला.

हेर आणि भाडोत्री सैनिक यांना १९७७ च्या पहिल्या पूरक करारानुसार युद्धकैद्याचा दर्जा मागता येत नाही. पण 'भाडोत्री' ठरण्यासाठी सहा अटी एकदमच पूर्ण व्हाव्या लागतात. परदेशी माणूस रीतसर सैन्यात भरती झाला असेल तर तो त्या व्याख्येत बसत नाही, मग बातम्यांत त्याला काहीही म्हणोत.

पकडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत काय होते, काय व्हायला हवे?

सगळ्यात धोक्याचा काळ हाच. छळ, लूट आणि माणूस 'गायब' होणे या गोष्टी छावणीत पोहोचल्यावर होतात त्याहून जास्त पकडणे आणि छावणी यांच्या मधल्या वाटेवर होतात. कारण तोवर त्याचे नाव कुठेच नोंदलेले नसते.

क्रम साधारण असा असतो. आधी शस्त्रे काढून घेऊन झडती. मग जखमींवर उपचार. अधिकारी, इतर सैनिक आणि नागरिक यांना वेगळे करणे. मग प्रत्येकाला एक चिठ्ठी बांधणे: पकडल्याची तारीख, वेळ, ठिकाण, पकडणारी तुकडी आणि परिस्थिती. काही सैन्यांत ही चिठ्ठी तीन भागांची असते. एक भाग कैद्याच्या अंगावर राहतो, एक तुकडी ठेवते आणि एक त्याच्याकडून घेतलेल्या वस्तूंच्या पिशवीला बांधला जातो. त्यानंतर शक्य तितक्या लवकर त्याला लढाईच्या पट्ट्याबाहेर हलवायचे. वाटेत अन्न, पिण्याचे पाणी, कपडे आणि औषधोपचार द्यावे लागतात, आणि नेलेल्या कैद्यांची यादी ताबडतोब करावी लागते.

बिघडते ते इथे: चिठ्ठीवर ठिकाणाऐवजी नुसते 'आघाडी' लिहिले जाते, एकाच नावाच्या दोघांच्या चिठ्ठ्या अदलाबदल होतात, पावसात शाई फुटते. महिन्यांनी 'हा कुठे सापडला होता?' असा प्रश्न आला की कोणाकडे उत्तर नसते. आणि पकडणारी तुकडी इतक्या कैद्यांना हलवूच शकत नसेल तर? त्यांना सोडून द्यायचे आणि त्यांच्या सुरक्षिततेची शक्य ती काळजी घ्यायची, असे पहिल्या पूरक कराराचे कलम ४१ सांगते. 'सोबत नेता येत नव्हते' हे ठार मारण्याचे कारण कधीच होऊ शकत नाही.

त्याच्याकडच्या वस्तू, पैसे, अंगठी यांचे काय?

शस्त्रे, लष्करी साहित्य आणि लष्करी कागद जप्त होतात. बाकी वैयक्तिक वस्तू त्याच्याच. शिरस्त्राण आणि विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटासुद्धा त्याच्याकडेच राहतो, कारण ते जीव वाचवण्यासाठी असतात. हुद्द्याच्या फिती, पदके आणि ज्यांचे मोल भावनिक आहे अशा वस्तू काढून घेता येत नाहीत. रोख रक्कम अधिकाऱ्याच्या आदेशानेच घ्यायची, वहीत नोंदवायची आणि घेणाऱ्याचे नाव, हुद्दा, तुकडी वाचता येईल अशी पावती द्यायची.

चौकशीत किती सांगावे लागते?

चारच गोष्टी: पूर्ण नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैन्य क्रमांक. बाकी प्रश्न विचारायला बंदी नाही, उत्तर द्यायची सक्ती नाही. उत्तर मिळवण्यासाठी मारहाण, धमकी किंवा वागणुकीत भेदभाव करता येत नाही. मात्र हुद्दा मुद्दाम चुकीचा सांगितला तर त्या हुद्द्याच्या सवलती जाऊ शकतात. जखमेमुळे किंवा मानसिक अवस्थेमुळे जो बोलूच शकत नाही त्याला आरोग्य पथकाकडे द्यायचे. त्याची ओळख पटवताना जबरदस्ती चालत नाही.

सैनिकाजवळचे ओळखपत्र शक्यतो ६.५ × १० सेंटिमीटरचे आणि दोन प्रतींत असावे, असे करार सांगतो. ते मागितल्यावर दाखवायचे असते, पण काढून घेता येत नाही.

घरच्यांना कळते कसे?

पकडल्यावर, आणि छावणीत पोहोचल्यापासून उशिरात उशिरा एका आठवड्यात, कैद्याला १५ × १०.५ सेंटिमीटरचे एक कार्ड भरू द्यायचे असते. त्यावर त्याचा देश, नाव, वडिलांचे नाव, जन्माची तारीख आणि ठिकाण, हुद्दा, सैन्य क्रमांक, घरचा पत्ता, पकडल्याची तारीख, प्रकृती आणि छावणीचा पत्ता एवढेच असते. प्रकृतीचे पर्याय छापलेलेच असतात: ठणठणीत, किरकोळ जखमी, गंभीर जखमी वगैरे. नको ते खोडायचे, वर काही लिहायचे नाही. दोन ओळी जास्त लिहाव्यात असे कोणालाही वाटेल, पण त्या ओळींमुळेच कार्ड सेन्सॉरकडे अडकते. आजारी पडला, रुग्णालयात हलवला किंवा छावणी बदलली की पुन्हा नवे कार्ड.

हे कार्ड एकीकडे कुटुंबाकडे आणि दुसरीकडे जिनिव्हातल्या केंद्रीय शोध संस्थेकडे जाते. ही संस्था आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती चालवते. पहिल्या महायुद्धात तिच्या पूर्वसुरी संस्थेने सुमारे ७० लाख कार्डे जमवली होती, हाताने लिहून आणि हाताने जुळवून.

याला समांतर दुसरी वाट सरकारांची. युद्ध सुरू होताच प्रत्येक देशाने राष्ट्रीय माहिती कार्यालय उघडायचे असते. कैद करणाऱ्या देशाचे कार्यालय यादी केंद्रीय संस्थेला देते, ती कैद्याच्या देशाला कळवते. बदली, सुटका, पलायन, मृत्यू, सगळे याच वाटेने जाते. गंभीर आजारी कैद्यांची माहिती शक्यतो दर आठवड्याला.

प्रत्यक्षात माहिती अडते ती बहुधा तीन ठिकाणी. एक, युद्धाआधी कार्यालयच स्थापलेले नसते आणि मग घाईत ते दोन खोल्यांत सुरू होते. दोन, नावांचे लिप्यंतर: अरबी, चिनी किंवा सिरिलिक लिपीतले एकच नाव चार तऱ्हांनी लिहिले जाते. म्हणून जन्मतारीख आणि वडिलांचे नाव यांना नावाइतकेच महत्त्व आहे. तीन, यादी मुद्दाम रोखली जाते, कारण पुढच्या सौद्यात ती नावे 'हुकमाचे पत्ते' म्हणून वापरायची असतात. करारानुसार हे थेट उल्लंघन आहे.

आमचा माणूस बेपत्ता आहे आणि कुठल्याच यादीत नाव नाही. काय करावे?

आधी त्याच्या तुकडीकडून 'बेपत्ता' अशी लेखी नोंद मिळवा. तोंडी निरोपावर थांबू नका. मग आपल्या देशाच्या माहिती कार्यालयात आणि राष्ट्रीय रेड क्रॉस किंवा रेड क्रेसेंट संस्थेत शोधाचा अर्ज द्या. दोन्हीकडे द्या, एकाने दुसऱ्याला कळवले असेल असे गृहीत धरू नका.

अर्जात हवे ते: ओळखपत्रावर आहे तसेच पूर्ण नाव, आई-वडिलांची नावे, जन्माची तारीख व ठिकाण, सैन्य क्रमांक, शेवटच्या संपर्काची तारीख आणि जागा, आणि शरीरावरच्या खुणा, जुने अस्थिभंग, दातांची कामे, गोंदण. तुमचा पत्ता किंवा फोन बदलला तर लगेच कळवा. उत्तर आले आणि घेणारे कोणी सापडले नाही, असे अनेकदा होते.

दोन गोष्टी टाळा. समाजमाध्यमांवर त्याचा हुद्दा, तुकडी, विशेष प्रशिक्षण लिहू नका. चौकशी करणारे ते वाचतात, आणि त्याने आत जे सांगितलेले नसते ते तुम्ही बाहेरून सांगून बसता. दुसरे, 'पैसे द्या, यादीत नाव घालतो' असे फोन येतातच. रेड क्रॉस शोधाचे पैसे घेत नाही.

छावणी कशी असायला हवी?

जमिनीवर हवी, म्हणजे जहाजावर कायम ठेवणे चालत नाही. तुरुंगात नको. तोफांच्या माऱ्यात नको. लष्करी दृष्टीने शक्य असेल तेव्हा दिवसा आकाशातून दिसतील अशी 'पीडब्ल्यू' किंवा 'पीजी' ('युद्धकैदी'ची इंग्रजी व फ्रेंच आद्याक्षरे) ही अक्षरे तिच्यावर हवीत. राहण्याची सोय त्याच भागात तैनात असलेल्या स्वतःच्या सैनिकांइतकी चांगली हवी. छावणीचा प्रमुख नियमित सैन्यातला अधिकारी असावा लागतो. टोळ्या, गुप्तचर यंत्रणा किंवा खासगी कंपनी यांच्याकडे हा अधिकार देता येत नाही. कराराचा मजकूर कैद्यांच्या भाषेत, सगळ्यांना वाचता येईल अशा जागी लावायचा.

अन्नाची कसोटी सोपी आहे: वजन घटता कामा नये. म्हणून महिन्यातून निदान एकदा वैद्यकीय तपासणी करून प्रत्येकाचे वजन नोंदवायचे. छावणीचे खरे चित्र हवे असेल तर स्वयंपाकघरापेक्षा ही वजनाची वही बघावी. शिक्षा म्हणून सगळ्यांचे जेवण कमी करणे निषिद्ध आहे.

पत्रे किती?

मर्यादा घालायचीच असेल तर महिन्याला किमान दोन पत्रे आणि चार कार्डे, पहिले कार्ड त्यात न मोजता. टपाल मोफत. सेन्सॉर चालतो, पण तो लवकर उरकायचा असतो. लहान, सुवाच्य आणि फक्त घरच्या विषयावरची पत्रे सगळ्यांत लवकर पोहोचतात.

काम करायला लावतात का? पैसे मिळतात?

साध्या सैनिकांना काम देता येते. हवालदार दर्जाच्या लोकांना फक्त देखरेखीचे काम. अधिकाऱ्यांना सक्ती नाही, स्वतः मागितले तर द्यायचे. शेती, घरगुती सेवा, दुकानदारी, लष्करी स्वरूप नसलेले बांधकाम व वाहतूक चालते. यंत्रे, धातू आणि रसायने यांचे कारखाने चालत नाहीत. भूसुरुंग काढणे हे धोक्याचे काम म्हणून नाव घेऊन नमूद केले आहे आणि ते स्वेच्छेनेच करता येते. हा उल्लेख उगाच आलेला नाही. १९४५ नंतर डेन्मार्क आणि फ्रान्समध्ये जर्मन कैद्यांकडून सुरुंग काढून घेताना पुष्कळ जण मेले, त्यानंतर तो आला.

दुपारी किमान तासभर विश्रांती, आठवड्याला सलग २४ तास सुट्टी, वर्षभर काम केल्यावर सलग आठ दिवस पगारी रजा. पूर्ण दिवसाच्या कामाचा मोबदला किमान पाव स्विस फ्रँक. त्याखेरीज सगळ्यांना महिन्याचा आगाऊ भत्ता: हवालदाराखालच्यांना ८ स्विस फ्रँक, हवालदार व समकक्षांना १२, मेजरखालच्या अधिकाऱ्यांना ५०, मेजर ते कर्नल ६०, जनरल ७५. हे आकडे १९४९ चेच आहेत. आज त्यात फार काही येत नाही, पण ते बदललेले नाहीत.

पळून जाण्याचा प्रयत्न केला तर?

पलायन हा गुन्हा नाही. पकडला गेला तर फक्त शिस्तभंगाची शिक्षा, पूर्वी कितीही वेळा पळाला असला तरी. कोठडी जास्तीत जास्त ३० दिवस. पळण्यासाठी खोटी कागदपत्रे केली, साधे कपडे घातले, तरी हाच नियम, फक्त कोणाच्या जिवाला वा शरीराला इजा केलेली नसावी. एकदा तो आपल्या किंवा मित्र सैन्यात पोहोचला, किंवा शत्रूच्या ताब्यातला प्रदेश ओलांडून गेला, की पलायन यशस्वी. त्यानंतर पुन्हा पकडला तर आधीच्या पलायनाची शिक्षा नाही. पळणाऱ्यावर गोळी झाडणे हा अखेरचा उपाय, आणि आधी इशारा द्यायलाच हवा.

कैद्याचे व्हिडिओ दाखवणे बेकायदा आहे का?

कलम १३ कैद्याला 'लोकांच्या कुतूहला'पासून संरक्षण देते. ओळखू येणारा चेहरा, चौकशीतली उत्तरे, वाचून घेतलेली कबुली हे सगळे त्यात येते. 'त्याला चहा देतानाच दाखवला' हा बचाव टिकत नाही. प्रश्न त्याला चांगले वागवले का, हा नसून त्याचे प्रदर्शन केले का, हा आहे. शिवाय त्या चित्रणाचा सूड घरच्यांवर उगवला जाऊ शकतो. पण एक अवघड बाजूही आहे: कधी कधी असा व्हिडिओ हाच माणूस जिवंत असल्याचा एकमेव पुरावा असतो. कुटुंबाने तो स्वतः पसरवण्याऐवजी मूळ दुवा, तारीख आणि त्यातल्या दृश्याचे छायाचित्र (स्क्रीनशॉट) शोध अर्जाला जोडावे.

रेड क्रॉसचे लोक छावणीत गेल्यावर नेमके काय करतात?

सगळ्या इमारती बघतात, कैद्यांची नोंद करतात आणि पहारेकऱ्यांविना एकेकाशी बोलतात. मग पुन्हा येतात आणि आधी भेटलेला माणूस जागेवर आहे का, ते पाहतात. खरी ताकद या दुसऱ्या भेटीत आहे. त्यांचे अहवाल गोपनीय असतात, त्यावर टीकाही होते, पण त्याच अटीवर दार उघडले जाते. दार उघडलेच नाही तर? इथिओपियाशी झालेल्या युद्धात इरिट्रियाने १९९८ पासून ऑगस्ट २००० पर्यंत या भेटी होऊ दिल्या नाहीत. पुढे या दोन देशांमधल्या दाव्यांच्या आयोगाने २००३ मध्ये त्याबद्दल इरिट्रियाला जबाबदार धरले.

सुटका कधी व्हायला हवी?

कलम ११८: प्रत्यक्ष लढाई थांबल्यानंतर विलंब न लावता. शांतता करार होण्याची वाट बघायची नाही. १९२९ च्या करारात परतपाठवणी शांतता कराराशी जोडलेली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीशी तसा करार झालाच नाही, आणि सोव्हिएत संघातले शेवटचे जर्मन कैदी १९५५-५६ मध्ये, पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर मॉस्कोला जाऊन आल्यावर घरी परतले. १९४९ ची शब्दरचना या अनुभवातून आली.

आता व्यवहार पाहा. फॉकलंड बेटांवर १४ जून १९८२ रोजी अर्जेंटिनाच्या सैन्याने ब्रिटनपुढे शरणागती पत्करली. हजारो अर्जेंटिनी कैदी आठवडाभरातच जहाजांनी परतले आणि शेवटचे १४ जुलैला सुटले. १९७१ च्या युद्धात १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. ताब्यात आलेल्या सुमारे ९३ हजार लोकांची परतपाठवणी २८ ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारानंतर सुरू होऊन एप्रिल १९७४ मध्ये संपली. मधली दोन वर्षे बांगलादेशची मान्यता आणि १९५ जणांवरचे युद्धगुन्ह्यांचे आरोप या प्रश्नांत गेली. इराण-इराक शस्त्रसंधी २० ऑगस्ट १९८८ ची, मोठी सुटका ऑगस्ट १९९० मध्ये आणि शेवटचे गट २००३ मध्ये. पश्चिम सहारात १९९१ मध्ये लढाई थांबली, पण तिथल्या पोलिसारिओ या स्वातंत्र्यवादी संघटनेने शेवटच्या ४०४ मोरोक्कन कैद्यांना १८ ऑगस्ट २००५ रोजी सोडले. त्यातले काही २० वर्षांहून जास्त काळ आत होते.

म्हणजे विलंबाचे कारण बहुधा वाहतूक नसते. पुढची बोलणी जिंकण्यासाठी माणसे हाताशी ठेवली जातात. 'तुम्ही आमचे सोडा, मग आम्ही तुमचे' ही अट कलम ११८ मध्ये कुठेही नाही.

लढाई चालू असताना कोणी सुटू शकतो का?

गंभीर जखमी आणि गंभीर आजारी यांना प्रवास झेपेल इतके बरे करून थेट मायदेशी पाठवणे बंधनकारक आहे. यात बरे न होऊ शकणारे येतात, आणि वर्षभरात बरे होण्याची शक्यता नसलेलेही. निवड करायला तीन डॉक्टरांचे संमिश्र वैद्यकीय मंडळ असते, दोन तटस्थ देशांचे आणि एक कैद करणाऱ्या देशाचा. मंडळाने प्रत्येक छावणीला सहा महिन्यांत एकदा तरी जायचे आणि त्याचा निर्णय तीन महिन्यांत अमलात आणायचा. कागदावर व्यवस्था उत्तम आहे, पण १९४९ नंतर अशी मंडळे क्वचितच उभी राहिली. बहुतेक वेळा छावणीचे डॉक्टर आणि रेड क्रॉसचे डॉक्टर मिळून यादी करतात.

एखाद्या कैद्याची इच्छा नसेल तर लढाई चालू असेतो त्याला या कलमांखाली परत पाठवता येत नाही.

अदलाबदल आणि परतपाठवणी यात फरक काय?

परतपाठवणी हे कर्तव्य आहे, अदलाबदल हा सौदा आहे. लढाई चालू असताना धडधाकट कैद्यांची अदलाबदल करायला कायद्याची आडकाठी नाही, सक्तीही नाही. रशिया-युक्रेन युद्धात ती असंख्य वेळा झाली. २३ ते २५ मे २०२५ या तीन दिवसांत दोन्ही बाजूंनी १,००० – १,००० लोक सोडले. २ जूनला इस्तंबूलमध्ये आकड्याऐवजी गट ठरवले गेले: गंभीर जखमी, आजारी आणि २५ वर्षांखालचे. गटांवर बोलणी झाली की एकेका नावावरची घासाघीस कमी होते.

अदलाबदलीची सामान्य पद्धत अशी. दोन्ही बाजू मध्यस्थामार्फत याद्या देतात. नावे पडताळली जातात, आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो: मृत माणसाचे नाव, दोनदा आलेले नाव, आधीच सुटलेला. मग जागा, वेळ आणि त्या पट्ट्यापुरती गोळीबारबंदी ठरते. कैद्यांना शेवटच्या क्षणापर्यंत बहुधा सांगत नाहीत, कारण बोलणी ऐनवेळी फिसकटतात. सीमेवर डोकी मोजली जातात, नाव आणि जन्मतारीख विचारून प्रत्येकाला यादीशी ताडले जाते, दोन्हीकडच्या बस एकाच वेळी सोडतात. एक आकडा कमी भरला तर सगळे थांबते. घरच्यांनी एवढे लक्षात ठेवावे की 'यादीत नाव आहे' म्हणजे सुटका नव्हे, आणि यादीत नाव नाही म्हणजे माणूस नाही असेही नव्हे.

कैद्याला परत जायचेच नसेल तर?

कराराच्या मजकुरात याचे उत्तर नाही. १९४९ मध्ये कैद्याला निवडीचा हक्क द्यावा अशी सूचना आली होती, ती फेटाळली गेली. भीती ही की कैद करणारा देश दडपण आणून 'नको' वदवून घेईल. दोन-तीन वर्षांतच कोरियाच्या युद्धात हा प्रश्न पेटला. वाटाघाटी मुख्यतः याच एका मुद्द्यावर वर्षभराहून जास्त रखडल्या.

२७ जुलै १९५३ च्या शस्त्रसंधीत तोडगा निघाला तो असा: ज्यांना परतायचे ते थेट परततील आणि नकार देणारे तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे जातील. अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया हे सदस्य. छावण्यांचा पहारा मेजर जनरल एस. पी. पी. थोरात यांच्या भारतीय तुकडीकडे. उत्तरेच्या बाजूचे २२ हजारांहून अधिक आणि दुसऱ्या बाजूचे ३५९ नकार देणारे होते. ९० दिवस त्यांच्या देशाच्या प्रतिनिधींनी येऊन समजवायचे असे ठरले होते, पण छावण्यांच्या आत दोन्ही बाजूंच्या गटांची दहशत इतकी होती की बहुतेकांपर्यंत ते पोहोचलेच नाहीत. मोजक्यांनी मन बदलले आणि काही थोडे तटस्थ देशात जायचे म्हणून भारतात आले.

आजची प्रथा: परत गेल्यास जिवाला किंवा मूलभूत हक्कांना खरा धोका असेल तर सक्तीने पाठवायचे नाही. रेड क्रॉस प्रत्येकाला एकांतात एकच साधा प्रश्न विचारते: परत जायचे आहे का? १९९१ नंतर हजारो इराकी कैदी असे मागे राहिले आणि सौदी अरेबियातल्या रफ्हा छावणीत निर्वासित झाले. कैद्याने हे लक्षात घ्यावे की नकार दिल्यावर तो युद्धकैदी उरत नाही आणि पुढचा दर्जा बराच कमकुवत असतो.

सुटकेच्या वेळी सोबत काय मिळायला हवे?

घेतलेल्या मौल्यवान वस्तू आणि परकी चलन परत. सामान निदान २५ किलो नेऊ द्यावेच लागते. खात्यात किती जमा आहे ते दाखवणारा, अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला. ती रक्कम फेडायची जबाबदारी कैद्याच्या स्वतःच्या देशाची असते, म्हणून तो कागद जपावा. छावणीतले वैद्यकीय कागद मागून घ्यावेत. पुढे निवृत्तिवेतन किंवा अपंगत्व भत्ता ठरताना 'जखम कैदेतली आहे' हे दाखवायला तेच उपयोगी पडतात. फौजदारी खटला चालू असलेल्याला मात्र निकाल आणि शिक्षा संपेपर्यंत ठेवता येते. त्याचे नाव दुसऱ्या बाजूला कळवावे लागते.

घरी आल्यावर पहिले दिवस?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उपाशी माणसाला पोटभर जेवू घालणे. दीर्घ उपासमारीनंतर अचानक अन्न मिळाले की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने घसरते, हृदयाचे ठोके बिघडतात आणि माणूस दगावू शकतो. म्हणून जास्त धोक्याच्या रुग्णात सुरुवात दिवसाला शरीराच्या दर किलोमागे १० किलोकॅलरीपासून करतात, फारच खंगलेल्यात ५ पासून, आणि चार ते सात दिवसांत वाढवत नेतात. अन्नाआधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देतात. हे रुग्णालयातच व्हावे. घरून आणलेला डबा डॉक्टरला विचारल्याशिवाय उघडू नये.

त्यानंतर क्षयरोगाची तपासणी, दात, जुन्या न बसलेल्या हाडांचे फोटो. मग सैन्याची चौकशी. ती शिक्षा नव्हे. आत आणखी कोण होते ते सांगायची हीच वेळ असते. इतर बेपत्ता लोकांच्या फायली बहुतेक अशाच जबान्यांतून पुढे सरकतात, म्हणून नावे विसरण्याआधी लिहून काढावीत. फोनचा मारा, सत्कार आणि मुलाखती निदान काही आठवडे पुढे ढकलाव्यात.

पुन्हा आघाडीवर पाठवता येते का? कलम ११७ परत पाठवलेल्याला प्रत्यक्ष सैनिकी सेवेत घेऊ नये असे म्हणते. ते फक्त जखमी-आजारींना लागू की अदलाबदलीत सुटलेल्यांनाही, यावर कायदेपंडितांत एकमत नाही.

गृहयुद्धात पकडलेल्यांना हे सगळे लागू होते का?

नाही. देशांतर्गत संघर्षात युद्धकैदी हा दर्जाच नसतो. समान कलम ३ प्रमाणे माणुसकीची वागणूक, छळाला बंदी आणि रीतसर न्यायालय एवढे किमान मिळते. सरकार बंडखोरावर नुसते लढल्याबद्दलही खटला भरू शकते. १९७७ चा दुसरा पूरक करार मात्र लढाई संपल्यावर शक्य तितकी व्यापक माफी द्यावी असे सुचवतो, आणि बहुतेक शांतता करारांत सुटकेची वाट तिथूनच निघते.

कैदेत मृत्यू झाला तर?

मृत्यूचा दाखला, वैद्यकीय तपासणी, धर्माप्रमाणे सन्मानाने दफन किंवा दहन, आणि कबरीची अशी नोंद की ती पुढे सापडेल. दहन फक्त आरोग्याच्या सक्तीने, त्याच्या धर्मानुसार किंवा त्याने इच्छा व्यक्त केली असेल तरच. मृत्यू पहारेकऱ्यामुळे किंवा संशयास्पद असेल तर ताबडतोब अधिकृत चौकशी. इच्छापत्र असेल तर ते देशाकडे पाठवायचे.

लढाई संपून खूप वर्षे झाली. आता शोध घेण्यात अर्थ आहे का?

आहे. शोधाची फाईल आपोआप बंद होत नाही. अवशेष सापडत राहतात आणि ओळख डीएनएवरून पटते, पण तुलनेला नातेवाइकांचा नमुना लागतो. आई, वडील आणि मुले यांचा नमुना सगळ्यात उपयोगी. भाऊ-बहिणीचा एकच नमुना पुष्कळदा पुरत नाही. आई-वडील वयस्क असतील तर बाकी कागद पूर्ण व्हायची वाट न बघता त्यांचा नमुना आधी देऊन ठेवावा.